इंडियन्सना वाक्य नव्हतं

आमच्या घरात किल्ले लढवले जायचे ते रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, खरकट्या ताटांच्या मध्ये. कावासाकीच्या त्या इमारतीत पुण्या-मुंबईहून आलेली सहा कुटुंबं होती, सगळे बाप एकाच जपानी कंपनीच्या कामावर, आणि सगळ्या बापांना दर रविवारी एकदम शिवकाल आठवायचा. आठवडाभर ही माणसं मान खाली घालून कोड लिहायची, जपानी साहेबापुढं "तानाबे-सान, सुमिमासेन, माफ करा, उद्या नक्की" करायची आणि रविवारी मसालेभात पोटात गेला की यांच्या अंगात मावळे संचारायचे. माझे बाबा त्यात आघाडीवर. आमटीची वाटी म्हणजे पुरंदर, तिच्याशेजारी चटणीची वाटी म्हणजे वज्रगड आणि लिंबाची फोड म्हणजे दिलेरखान. "वज्रगड गेला की पुरंदर गेलाच समजा," लिंबाची फोड चटणीत बुडवत बाबा म्हणायचे, "शेजारच्या उंचावर तोफा चढल्या की खालच्या माचीनं करायचं काय?" समोर बसलेले कुलकर्णी काका डोळे मिटून मान डोलवायचे. कुलकर्णी काका बाबांचे मॅनेजर. आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे, आणि कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार आणि कुणी सामान बांधायचं हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. त्यामुळे बाबांची नजर लढाईभर दिलेरखानावर नसायची, कुलकर्णी काकांच्या मानेवर असायची. ती डोलायची थांबली की बाबा गड बदलायचे.

आई तेव्हा ओट्याशी असायची. पुण्यात तिनं मुलींच्या शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवला होता, आणि बाबांबरोबर जपानला यायचं म्हणून ती नोकरी सोडली होती. त्या खोलीत बसलेल्या माणसांपैकी तह म्हणजे काय आणि तो का करतात, हे कुणाला नीट ठाऊक असेल तर तिलाच. पण तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की वहिनी, अजून थोडी आमटी आहे का. ती आमटी वाढून आत यायची आणि भांडं ठेवता ठेवता माझ्या कानाशी म्हणायची, "सिंहगडावर गाडीनं जातात, पिठलं-भाकरी खातात, गाडीनं खाली येतात. एवढाच गड बघितलाय यांनी." तुच्छता माझ्याकडे आली ती आईकडून. तिची बारीक दळलेली असायची. माझी जाडीभरडी आहे.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत चटया अंथरल्यासारखी जमीन, तिच्यावर पाय घसरत चालायचं. फोडणी टाकायच्या आधी सगळ्या खिडक्या लावायच्या, कारण आल्यावर पहिल्याच महिन्यात जिन्यात एक सूचना लागली होती. तिच्यावर वाफ येणारं पातेलं आणि नाक धरलेला, डोळ्यांत पाणी आलेला ससा असं चित्र होतं. नाव कुणाचंच नव्हतं. इतक्या गोड सशाकडून अपमान झाला की भांडायला जायचं तरी कुणाकडे? आई मग मोहरी तडतडेपर्यंत खिडक्यांवर पहारा द्यायची आणि आम्ही दोघी खोकत राहायचो. इमारतीमागं रेल्वेचं फाटक होतं. त्याची घंटा दिवसभर कान्-कान्-कान् वाजायची, आणि संध्याकाळी पाच वाजता खांबांवरच्या भोंग्यांतून गावभर एक संथ सूर निघायचा, मुलांनी घरी जावं म्हणून. तो ऐकला की आई तांदळाच्या पिठाची उकड काढायला घ्यायची. ज्वारीचं पीठ सुटकेसमधून यायचं आणि दोन महिन्यांत संपायचं. मग इथल्या पिठाच्या भाकऱ्या. त्या थापताना फाटायच्या. फाटलेल्या आई खायची.

माझी शाळा योकोहामाच्या बाजूला होती, लहानशी, इंटरनॅशनल म्हणवून घेणारी. दोन गाड्या बदलून जायचं. कुलकर्णी काकांची श्रुती माझ्याच वर्गात, म्हणून आम्ही दोघी बरोबर जायचो. वर्गात ब्रिटिश मुलं, अमेरिकन मुलं, काही जपानी आणि आम्ही दोघी. इतिहासाला मिस्टर पेलम म्हणून एक इंग्रज गृहस्थ होते. उंच, कोपरांवर कातडी ठिगळं लावलेला कोट घालायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपणच थोडंसं हसायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की पालकांपुढं एक ऐतिहासिक प्रसंग करून दाखवायचा, आणि निवडला तो मॅकिनॉचा किल्ला.

हा किल्ला अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवरातल्या एका बेटावर. ब्रिटिशांनी बांधलेला. मग स्वातंत्र्याच्या युद्धानंतर तहात अमेरिकनांना मिळालेला. पुढं दोघांचं पुन्हा युद्ध लागलं तेव्हा ब्रिटिशांनी बेटावर गुपचूप माणसं उतरवली, एक तोफ ओढत किल्ल्यामागच्या टेकडीवर चढवली आणि सकाळी निरोप पाठवला, की शरण या. आतल्या अमेरिकनांना युद्ध सुरू झालंय हेच माहीत नव्हतं, तसं कळवणारं पत्र पोचलंच नव्हतं. एक गोळी न झाडता किल्ला गेला. दोन वर्षांनी अमेरिकन तो परत घ्यायला आले आणि मार खाऊन गेले. आणि मग पुन्हा तह झाला, त्यात ब्रिटिशांनी तो आपला आपण परत देऊन टाकला. आहेरात आलेली साडी घडी न मोडता दुसऱ्याच्या आहेरात द्यावी, तसा. बाबांनी माझ्या वहीतला नकाशा बघितला आणि त्यांना मनापासून आनंद झाला. "मागं एवढी टेकडी, आणि तिच्यावर साधी चौकी नाही? गाढव आहेत!" ते चटणीची वाटी आणायला उठलेसुद्धा.

शाळेत मात्र या किल्ल्यासाठी खरंच युद्ध पेटलं. ब्रॅडली नावाच्या मुलाच्या आईनं पत्र लिहिलं, की अमेरिकन सैनिक लढल्याशिवाय शरण गेलेले दाखवणं मुलांच्या मनावर योग्य नाही. त्यावर ऑलिव्हरच्या वडिलांनी लिहिलं, की इतिहास हा इतिहास असतो. ऑलिव्हर ब्रिटिश कॅप्टन होणार होता, ब्रॅडली किल्लेदार. मग अमेरिकन पालकांची सभा, मग ब्रिटिश पालकांची. वर्गात दोघं एकमेकांच्या डब्यात पेन्सिलीचा भुसा टाकायला लागले. पुठ्ठ्याचा किल्ला रंगवायला ठेवला होता, त्यावर रोज सकाळी वेगळं निशाण काढलेलं असायचं. तीन आठवडे हे चाललं. शेवटी पेलमसाहेबांनी तोड काढली: शरणागतीचा प्रवेश राहील, पण शेवट तहाचा होईल. कॅप्टन आणि किल्लेदार हात मिळवतील, निशाणं शेजारी शेजारी उभी राहतील. सगळे खूश. बेट मुळात ज्यांचं होतं आणि ब्रिटिशांच्या बाजूनं जे शेकड्यांनी टेकडीवर उभे होते, ज्यांच्या भीतीनं खरं म्हणजे तो किल्लेदार शरण गेला, ते अमेरिकेचे मूळ रहिवासी, गोरे ज्यांना 'इंडियन्स' म्हणायचे ते लोक, प्रवेशात होतेच. त्यांनी सुरुवातीला आरोळी ठोकायची आणि शेवटी ढोलाच्या तालावर नाचत डावीकडून निघून जायचं.

ते लोक म्हणजे श्रुती आणि मी. "आणि हे आपले खरे इंडियन्स!" पेलमसाहेब म्हणाले आणि हसले. वर्ग हसला. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण या प्रकरणात मी इतरांना बरंच काही बोलणार आहे. मी खो खो हसले होते.

बातमी इमारतीत पोचली तेव्हा उत्सव झाला. कुलकर्णी काका जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "इंडियनचा रोल इंडियनला! याला म्हणतात कास्टिंग!" आणि एकटेच गुडघ्यावर थाप मारून हसायचे. काकूंनी कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, रंगीत कागद आणले. बाबांनी व्हिडिओ कॅमेरा मागून आणला. एकजात सगळे शिकलेले लोक. आईनं पिसांचा पट्टा शिवायला घेतला, आणि दोरा दातांनी तोडत मला विचारलं, "तुझं वाक्य काय आहे?"

"वाक्य नाही. ओरडायचं."

"आणि श्रुतीला?"

"तिलाही ओरडायचं. मग नाचत जायचं."

"ब्रॅडलीला किती वाक्यं आहेत?"

मी मोजून सांगितली. आईनं सुई पट्ट्यात खोचून ठेवली. मग ती दोन दिवस माझ्या दप्तरातले झेरॉक्स कागद घेऊन बसली, शेजारी डिक्शनरी. तिचं इंग्रजी वाचायचं होतं, बोलायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तह झाला ना, तिथं या लोकांमधल्या एकालाही बसवलं नाही. लढताना बोलावलं, तहाला बोलावलं नाही. आणि तुझे सर यांना नाचत घालवतायत."

बाबा पेपर वाचत होते. "अगं, आपल्याला काय करायचंय? तो त्यांचा इतिहास. पोरगी स्टेजवर उभी राहतेय, दिसतेय, बास."

"दिसतेय," आई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं इतक्या जोरात उलटली की तिचे दोन तुकडे झाले.

मला वाक्य हवं होतं. तहाचं वगैरे मला फार कळलं नव्हतं; ब्रॅडलीला इतकी वाक्यं आणि मला एकही नाही, एवढंच डाचत होतं. मी आईकडे मागितलं. तिनं दिलं. इंग्रजीत, साधं: आम्हाला कुणी विचारलं नाही, तुमच्या किल्ल्याच्या आधी हे बेट आमचं होतं. संध्याकाळचा पाचचा सूर वाजून गेला की भांडी विसळताना ती ते माझ्याकडून म्हणून घ्यायची, आणि मी तिचे उच्चार दुरुस्त करायचे. श्रुतीलाही सांगितलं. ती म्हणाली, हो, आपण दोघी खाली बसायचं, उठायचंच नाही. तिनं देवाची शपथही घेतली.

कार्यक्रमाला शनिवारी सकाळी सगळी इमारत आली. बाया रेशमी साड्यांत, बाबा टाय लावून. पहिला प्रवेश छान झाला. चार जपानी मुलांनी पुठ्ठ्याची तोफ टेबलांच्या टेकडीवर ओढली, आम्ही आरोळ्या ठोकल्या, ब्रॅडली गोरामोरा होऊन शरण आला. मग तहाचा प्रवेश. ऑलिव्हर आणि ब्रॅडली यांनी हात मिळवले, दोन निशाणं उभी राहिली, ढोल सुरू झाला. मी किल्ल्याच्या दारात मांडी घालून बसले. वळून बघितलं तर श्रुती नाचत नाचत डावीकडून गेलेलीसुद्धा होती. पडद्याआड गेल्यावर तिनं मला हातानं खूण केली, की चल ना.

मी बसूनच वाक्य म्हटलं. मोठ्यानं, एकही चूक न करता.

हशा पिकला. अख्खं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, गंमत आहे. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या कुलकर्णी काकांनी. त्यांना वाटलं, आपल्या पोरींना शेवटी डायलॉग मिळाला. मी वाक्य पुन्हा म्हटलं. आणखी हशा. ढोलवाल्याला काय करावं कळेना, तो वाजवतच राहिला. मग ऑलिव्हर प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "या इंडियनला कुणी तरी उचला रे!" आणि ज्या दोघांनी तीन आठवडे एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं, ते दोघे आले, एकानं माझा उजवा दंड धरला, दुसऱ्यानं डावा, आणि मला बसल्या मांडीनिशी उचलून पडद्याआड नेऊन ठेवलं. पट्टा किल्ल्याच्या दारातच पडला. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. ब्रॅडलीची आई आणि ऑलिव्हरचे वडील एकमेकांचे हात हातात घेऊन हसत होते, हे मला नंतर बाबांच्या व्हिडिओत दिसलं.

नंतर मागच्या व्हरांड्यात ज्यूस आणि बिस्किटं होती. पेलमसाहेब आमच्यापाशी आले. हसत होते, पण कान लाल झाले होते. म्हणाले, तुमची मुलगी बंडखोर दिसते, मात्र हे संहितेत नव्हतं, आणि एवढ्या लोकांच्या मेहनतीचा विचार व्हायला हवा होता. पुढच्या सत्राबद्दल आपण एकदा बोलायला हवं, असंही म्हणाले. बाबांनी काय करावं? ते वाकले. ऑफिसात तानाबे-सानपुढं वाकायचे तसे, हात मांड्यांना चिकटवून, कमरेतून. "सॉरी सर. शी इज चाइल्ड. व्हेरी सॉरी." आणि पुन्हा वाकले. एका इंग्रजापुढं, जपानी पद्धतीनं, कमरेतून वाकणारे माझे बाबा. पेलमसाहेबांनाही ते जरा जास्त झालं असावं, ते अर्धं पाऊल मागं सरले.

"वाका, अजून वाका," आई मराठीत म्हणाली. "वज्रगड तर गेलाच आहे. पुरंदरही देऊन टाका."

बाबा तसेच, अर्धे वाकलेले राहिले. मग ती पेलमसाहेबांकडे वळली. त्या देशात मी तिला परक्या माणसाशी इंग्रजीत बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. थांबत थांबत, एकेक शब्द निवडून ती म्हणाली, "आय अ‍ॅम हिस्टरी टीचर. इलेव्हन इयर्स. सेंटेन्स इज माइन. प्रोनन्सिएशन इज हर्स."

पेलमसाहेबांचा चेहरा उजळला. "हाउ मार्व्हलस!" ते म्हणाले. "मग तुम्ही एकदा आमच्याकडे यायलाच हवं. दिवाळीचं काहीतरी करा ना मुलांसाठी, दिवे वगैरे!"

"नो," आई म्हणाली. आणि बिस्किटाची बशी टेबलावर ठेवून जिना उतरायला लागली.

गाडीत आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. घरी आल्यावर आईनं साडी बदलली, खिडक्या न लावता फोडणी टाकली, आणि जेवायला बसताना म्हणाली, "मी परत जाते. माझ्या शाळेत जागा आहे, मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलंय मागच्याच महिन्यात. हिची परीक्षा झाली की आम्ही दोघी निघतो." बाबा म्हणाले, "एवढ्याशा नाटकावरून?" आई म्हणाली, "नाटकावरून नाही." त्यापुढं कुणीच काही स्पष्ट केलं नाही. आमच्या घरात मोठी भांडणं अशीच अर्ध्या वाक्यांत व्हायची.

मी उरलेले तीन महिने त्याच शाळेत गेले. काही झालं नाही. पेलमसाहेब माझ्याशी अतिशय सौजन्यानं वागले आणि त्यांनी मला पुन्हा कधीही प्रश्न विचारला नाही. श्रुती गाडीत माझ्याशेजारी बसायची, मी खिडकीतून बाहेर बघायचे. जाताना तिनं मला एक बाहुली दिली. मी ती विमानतळावरच्या बाकावर ठेवून आले. आज श्रुतीचा काही दोष मला दिसत नाही. तिच्या बापाचं तोंड रोज सकाळी तिला बघायला लागायचं. पण बाहुलीचं मला वाईट वाटत नाही.

बाबा तिथंच राहिले. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, मग पुन्हा वाढलं, मग त्यांना कायमचं घेतलं. वर्षातून दोनदा ते पुण्याला यायचे, लाल बीनच्या जपानी मिठाईचे डबे घेऊन, जे आम्ही शेजाऱ्यांना वाटून टाकायचो. आई आणि ते भांडले नाहीत आणि पुन्हा एका घरात राहिलेही नाहीत. मी कॉलेजात मैत्रिणींना त्यांची नक्कल करून दाखवायचे, ते कमरेतून वाकणं. हमखास हशा यायचा.

सव्विसाव्या वर्षी कंपनीच्या कामानं मी तोक्योला गेले आणि एका रविवारी कावासाकीला त्यांच्याकडे जेवायला गेले. दुसरी इमारत, एकच खोली. त्यांनी वरणभात, बटाट्याची भाजी केली होती. भाजी करपलेली होती. जेवता जेवता मी विचारलं, इतकी वर्षं मनात होतं ते: "बाबा, तुम्ही त्या माणसापुढं वाकलात कशाला?"

त्यांना लगेच कळलं कुठल्या. "तुला अजून तीन महिने त्याच्या वर्गात बसायचं होतं," ते म्हणाले. "तो पुढच्या सत्राचं काढत होता, ऐकलंस ना तू? कुलकर्णी मागंच उभे होते. मी नसतो वाकलो तर तुला कुठल्या शाळेत घातलं असतं? तुमची परतीची तिकिटं कशावर काढली असती?"

"आईनं तर स्पष्ट सांगितलं त्याला."

"तिचं बरोबरच होतं." त्यांनी माझ्या पानात आणखी थोडी भाजी वाढली, करपलेली बाजू स्वतःकडे घेऊन. "तिला बरोबर राहता यावं म्हणून घरातल्या एकानं वाकायला हवं होतं. दोघांनी ताठ राहून कसं चाललं असतं?"

उत्तर चोख होतं. मला ते आवडलं नाही. परत येताना गाडीत मी त्याला खोडून काढायला बसले. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, अगदी आईसारखं. तोक्यो आलं तरी एकही मुद्दा टिकेना. आता चाळिशी आली. अजून टिकत नाही, आणि अजून आवडत नाही. फक्त त्या रविवारनंतर मी ती नक्कल करत नाही.